पगारातून कापलेली युनियनची वर्गणी : रजामंदी कोणाची?

गेल्या महिन्यात माझा भाचा पुण्याहून अणदूरला आला होता. एका कारखान्यात कायम कामगार आहे. दुकानात बसल्या बसल्या त्याने खिशातून पगाराची चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. कंपनीत नवा पगारवाढीचा करार झाला, मागच्या तारखेपासून लागू झाला, म्हणून फरकाची मोठी रक्कम हातात येणार होती. पण चिठ्ठीत कपातीच्या रकान्यात 'युनियन फंड' म्हणून एक आकडा होता आणि तो लहान नव्हता. भाचा म्हणाला, "मामू, मी त्या युनियनचा मेंबरच नाही. मी दुसऱ्या युनियनमध्ये आहे. मग माझ्या मेहनतीचा पैसा त्यांनी कोणाच्या परवानगीने कापला?"

मी कापडाचा व्यापारी, वकील नाही. पण हिसाब-किताबाची सवय आहे आणि प्रश्न रास्त वाटला. थोडी विचारपूस केली, ओळखीच्या एका वकील साहेबांकडे बसलो, तेव्हा कळले की हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या कामगारांनी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेला होता. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता सोलापूर, पुणे, मुंबईच्या कारखान्यांत आहेत, आणि आपण स्वतःही दोन-चार, दहा-वीस माणसांना मजुरी देणारे आहोत. दोन्ही बाजूंनी हा विषय आपल्या कामाचा आहे, म्हणून तो इथे मांडतो.

आधी वर्गणीचे मूळ. युनियन म्हणजे कामगारांची जमात, आणि ती सभासदांच्या वर्गणीवर चालते. जुन्या काळी ही वर्गणी हातोहात गोळा होत असे. पगाराच्या दिवशी युनियनची माणसे गेटवर पावतीपुस्तक घेऊन उभी राहायची, कामगार बाहेर पडताना पैसे द्यायचा आणि पावती फाडून घ्यायचा. गिरण्यांच्या काळात मुंबईत आणि सोलापुरात हे दृश्य नेहमीचे होते. यात एक चांगली गोष्ट होती. दर महिन्याला युनियनच्या माणसाला कामगाराच्या डोळ्यांत डोळे घालून पैसे मागावे लागत. काम केले नसेल तर कामगार तोंडावर सांगायचा की या महिन्यात पैसे मिळणार नाहीत. वाईट गोष्ट अशी की गेटवर दादागिरीही चालायची, आणि दोन युनियन असल्या तर दोन पावतीपुस्तकांची मारामारीही व्हायची.

दुसरा मार्ग म्हणजे मालकानेच पगारातून वर्गणी कापायची आणि एकरकमी युनियनला द्यायची. कारखान्यांत याला 'चेक-ऑफ' म्हणतात. आपल्या देशात ही पद्धत बराच काळ कायद्याच्या अडचणीत होती, कारण १९३६ चा वेतन अदायगी कायदा सांगत असे की कायद्यात ज्या कपाती मोजून दिल्या आहेत त्यांच्याशिवाय मजुरीतून एक पैसाही कापायचा नाही. गैरहजेरी, दंड, नुकसानभरपाई, उचल, सरकारी कर, भविष्य निर्वाह निधी, अशी ती यादी होती. युनियनची वर्गणी त्या यादीत नव्हती. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात मान्यताप्राप्त युनियनने मागणी केली तर मालकाने ही सोय द्यावी अशी शिफारस केली होती. कायद्यात बदल व्हायला १९८२ साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने यादीत नोंदणीकृत युनियनच्या वर्गणीची भर पडली, पण एका शर्तीवर : कामगाराने लेखी अधिकार दिला पाहिजे. तोंडी 'हो' चालणार नाही, आणि दुसऱ्याने त्याच्या वतीने दिलेले 'हो' तर नाहीच. आपल्या भाषेत सांगायचे तर रजामंदी, आणि तीही कागदावर.

आता कोणी म्हणेल की महिन्याच्या काही रुपयांसाठी एवढी भानगड कशाला? भानगड रुपयांची नाही, गणतीची आहे. महाराष्ट्रात १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देण्याचा वेगळा कायदा झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एमआरटीयू अँड पल्प' कायदा म्हणतात. त्याप्रमाणे पन्नास किंवा अधिक कामगारांच्या उद्योगात ज्या युनियनकडे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असतील, तिला मान्यता मागता येते. सभासद कोणाला म्हणायचे? ज्याने महिन्याला किमान ५० पैसे वर्गणी भरली आहे त्याला. आणि मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली तर तो माणूस सभासद म्हणून मोजला जात नाही. म्हणजे ५० पैशांची पावती हीच मोजणीची काठी आहे. वर्गणी नियमित आली तर संख्या उभी राहते, वर्गणी थांबली तर संख्या पडते, आणि संख्या पडली की बोलण्याचा हक्कही जातो. वर्गणी कापण्याचे यंत्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती हा तराजू.

मान्यता मिळाली की काय मिळते तेही पाहा. मान्यताप्राप्त युनियनच्या माणसांना पगार वाटण्याच्या जागी बसून सभासदांकडून वर्गणी गोळा करण्याचा हक्क मिळतो, कारखान्यात सूचनाफलक लावण्याचा हक्क मिळतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी बोलणारी ती एकटीच. बडतर्फी, निलंबन, कपात अशा एखाद्या कामगाराच्या नोकरीच्या प्रकरणांचा अपवाद सोडला तर औद्योगिक वादात तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी कामगारांच्या वतीने उभे राहायचे नाही, आणि तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक, सभासद असो वा नसो.

एकच युनियन सगळ्यांच्या वतीने बोलणार, हे तत्त्व कापडाच्या धंद्यातल्या माणसाला नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता आणि त्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच प्रतिनिधी युनियन होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कामगार एका माणसाच्या मागे आणि कायद्याची मान्यता दुसऱ्या संघटनेकडे, असा तो पेच होता. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मी तेव्हा शाळेत होतो. एवढे आठवते की वडिलांच्या दुकानात गिरणीच्या धोतरांचे आणि लट्ठ्याचे गठ्ठे कमी झाले आणि मालेगाव, भिवंडीचा मागाचा माल वाढला. पुढे तो गिरणीचा माल परत आलाच नाही.

असो. आता त्या मुंबईच्या मुकदम्याकडे येऊ.

बामर लॉरी ही १८६७ साली कलकत्त्यात सुरू झालेली जुनी कंपनी, पुढे सरकारी मालकीची झाली. तिच्या मुंबईच्या कामगारांत दोन युनियन होत्या. एक बामर लॉरी एम्प्लॉईज युनियन, जिला १९७१ च्या कायद्याखाली मान्यता होती. दुसरी बामर लॉरी वर्कर्स युनियन, जिला मान्यता नव्हती. नावे इतकी सारखी की वाचणाऱ्याचा गोंधळ व्हावा, म्हणून पहिलीला 'मान्य' आणि दुसरीला 'बिगरमान्य' म्हणतो. मान्य युनियनने कंपनीशी करार केला आणि कामगारांना मागच्या काळाचा फरक मिळायचा ठरला. पण त्याच करारात १७ क्रमांकाचे एक कलम होते : कंपनीने प्रत्येक कामगाराच्या फरकाच्या एकूण रकमेतून १५ टक्के कापावेत आणि ते पैसे युनियन फंडासाठी मान्य युनियनला चेकने द्यावेत. प्रत्येक कामगार म्हणजे प्रत्येक. त्यात बिगरमान्य युनियनचे सभासदही आले.

म्हणजे तुम्ही ज्या युनियनच्या विरुद्ध आहात तिच्या तिजोरीत तुमच्याच फरकातले शंभरातले पंधरा रुपये जाणार, आणि त्याच पैशाने ती तुमच्या युनियनला हरवणार. बिगरमान्य युनियन मुंबई हायकोर्टात गेली. तिचे म्हणणे दोन बाजूंचे होते. एक, सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाच युनियनला देणारे १९७१ च्या कायद्याचे कलमच घटनाबाह्य आहे, कारण संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य घटनेने प्रत्येकाला दिले आहे. दोन, १५ टक्क्यांची ही कपात म्हणजे जबरदस्तीची वसुली आहे, प्रतिस्पर्ध्याला पोसण्याची सक्ती आहे. हायकोर्टाने अर्ज फेटाळला. बिगरमान्य युनियन सुप्रीम कोर्टात गेली. डिसेंबर १९८४ मध्ये न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिलेला निकाल आला आणि तिथेही ती हरली.

कोर्टाने काय म्हटले ते माझ्या शब्दांत सांगतो. युनियन बांधण्याचा हक्क वेगळा आणि त्या युनियनने मालकासमोर बसून बोलावे हा हक्क वेगळा. पहिला घटनेने दिला आहे, तो कोणी काढून घेतलेला नाही. दुसरा कायद्याने दिलेला आहे, आणि कायदा तो जास्त सभासद असलेल्या युनियनला देऊ शकतो, कारण पाच युनियन पाच दिशांना ओढू लागल्या तर कारखाना चालणार नाही आणि कामगाराचेही भले होणार नाही. आणि कपातीबद्दल कोर्ट म्हणाले की ही ना कर आहे, ना सक्तीची वसुली. वेतन कायद्याने परवानगी नसलेली कपात मालकाला एरवी करता येत नाही हे खरे, परंतु परस्परांच्या समझोत्यातून करार झाला असेल तर त्या करारात अशी कपात ठरू शकते. कराराचा फायदा सगळ्यांनी घ्यायचा, फरक सगळ्यांनी खिशात घालायचा, आणि ज्या युनियनने तो मिळवला तिच्या खर्चाला हातभार लावायचा नाही, हे बरोबर नाही.

निकाल सुप्रीम कोर्टाचा आहे, त्याचा आदर आहे. पण एक व्यापारी म्हणून मला त्यातली एक गोष्ट आजही पचत नाही. जुन्या वेतन कायद्याचे २३ वे कलम असे होते की या कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल. कामगाराने स्वतः सही करून हक्क सोडला तरी ती सही चालत नाही, मग त्याच्या वतीने, त्याच्या मनाविरुद्ध असलेल्या युनियनने केलेली सही कशी चालते? आपल्याकडे मशिदीचा चंदा असतो. ज्याने एक रुपयाही दिला नाही तोही पंख्याखाली नमाज पढतो, वझूचे पाणी वापरतो, कोणी त्याला बाहेर काढत नाही आणि कोणी त्याच्या खिशात हातही घालत नाही. चंदा खुशीचा सौदा आहे. युनियनचा फंड काही मशीद नव्हे, हे मलाही कळते, आणि फुकटचा फायदा घेणारे वाढले की संघटना बुडते हेही खरे आहे. तरीपण कामगाराच्या मेहनतीच्या पैशात त्याच्या खुशीशिवाय तिसऱ्याचा हिस्सा ठरवायचा, तर निदान तो हिस्सा किती असावा यावर काही मर्यादा कोर्टाने आखून द्यायला हवी होती. आज १५ टक्के चालतात, उद्या २५ का चालणार नाहीत?

वकील साहेबांनी माझे हे म्हणणे ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, "शेठ, अमेरिकेत तुमच्या बाजूने निकाल लागला आहे." खरोखरच तसे आहे. इलिनॉय राज्यात मार्क जॅनस नावाचा सरकारी नोकर होता. युनियनचा सभासद नसतानाही त्याच्या पगारातून दर महिन्याला सुमारे ४५ डॉलर युनियनसाठी कापले जात. तर्क तोच : युनियन सगळ्यांसाठी बोलते, म्हणून सगळ्यांनी खर्च उचलावा. तिथे हा तर्क १९७७ च्या एका निकालापासून मान्य होता. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो जुना निकाल मोडला आणि पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरवले की सरकारी नोकराच्या स्पष्ट संमतीशिवाय युनियनसाठी पैसे कापता येणार नाहीत. मात्र हे सरकारी नोकरांपुरतेच. आणि त्या निकालाचे स्वागत करणाऱ्यांत युनियनच नको असे म्हणणारे पुष्कळ धनिक होते, हेही विसरू नये. रजामंदीचा मुद्दा बरोबर असला तरी तो कोण कशासाठी वापरतो हे पाहावे लागते.

कारण याची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांची पब्लिक अँड कमर्शियल सर्व्हिसेस युनियन आहे. सभासदांच्या पगारातून वर्गणी कापून युनियनला देण्याची तिथे वर्षानुवर्षांची रीत होती. दहा-अकरा वर्षांपूर्वी काही सरकारी खात्यांनी एकतर्फी ही कपात बंद केली. म्हणजे इथे कामगार राजी, युनियन राजी आणि मालक मोडता घालतो. युनियनला पुन्हा सभासदांच्या मागे लागून त्यांच्या बँक खात्यांतून वर्गणी येण्याची व्यवस्था करावी लागली, आणि ज्यांच्यापर्यंत पोचता आले नाही त्यांची वर्गणी बुडाली. युनियन कोर्टात गेली. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाने म्हटले की कपातीची ही सोय नोकरीच्या कराराचा भाग होती, ती मालकाने आपल्या मर्जीने काढून घ्यायची नाही, आणि करार नोकर व मालक यांच्यातला असला तरी तो युनियनच्याही फायद्याचा असल्यामुळे युनियनला तो अमलात आणून मागता येतो. तिथे १९९९ पासून तसा कायदाच आहे.

मला यातून जे दिसते ते असे. वर्गणी मालकाच्या रजिस्टरमधून येऊ लागली की युनियनला आराम मिळतो, पावतीपुस्तक घेऊन गेटवर उभे राहावे लागत नाही. पण त्याच वेळी तिची नळी मालकाच्या हाती जाते. मालक खूश तर पाणी चालू, नाराज तर तोटी बंद. आणि सभासदाला भेटण्याची गरज उरली नाही की पुढारी सभासदाला विसरतो. सरकारी कचेऱ्यांमध्ये तर ५ नोव्हेंबर १९९३ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यताच पगारातून होणाऱ्या कपातीच्या मोजणीवर ठरू लागली, त्यासाठी ३५ टक्के संख्या लागते. याउलट फूड कॉर्पोरेशनच्या मुकदम्यात सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये गुप्त मतदानाची पद्धत आखून दिली. कामगाराने कोणाला पैसे दिले हे मालकाला कळते, पण मत कोणाला दिले हे कळत नाही. मला मतदानाचा मार्ग जास्त इन्साफचा वाटतो. वर्गणीच्या चिठ्ठीवर मालकाची नजर असते.

आता आजचा कायदा. ज्या १९३६ च्या वेतन कायद्यावर वरचा सगळा वाद झाला तो आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यांतल्या वेतन संहितेने त्याची जागा घेतली. युनियनची वर्गणी कापायची तर कामगाराचा लेखी अधिकार हवा, ही शर्त संहितेतही कायम आहे. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या अर्ध्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. चुकीची कपात झाली तर कामगाराला तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, तो दावा त्याची युनियनही करू शकते, आणि मूळ रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई लागू शकते.

आपल्या बिरादरीच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी इथे कान टवकारावेत. जुन्या वेतन कायद्याची मजल मुख्यतः कारखान्यांपर्यंत आणि ठराविक पगारापर्यंत होती, त्यामुळे 'हे मोठ्यांचे कायदे' म्हणून आपण सोडून देत होतो. नवी संहिता धंदा, व्यापार, कारागिरी चालते अशा प्रत्येक जागेला लागू आहे. कापडाचे दुकान, टेलरचे दुकान, सोलापूरचा टॉवेलचा माग, बेकरी, गॅरेज, कोणीही सुटत नाही. पगार महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आठवड्याचा असेल तर सुटीच्या आदल्या कामाच्या दिवशी, आणि नोकर सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत हिसाब चुकता करायचा आहे. पगाराची चिठ्ठी द्यायची आहे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची हदीस आपण सगळे जुम्म्याच्या बयानात ऐकत आलो, आता सरकारने तारीख घालून दिली आहे.

'आमच्या दुकानात कुठे युनियन आहे?' असे म्हणाल, तर कपात फक्त युनियनचीच नसते. माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दुकानातल्या तिघा पोरांच्या आठवड्याच्या पगारातून थोडे थोडे पैसे भिशीसाठी बाजूला ठेवत होतो. हेतू नेक होता, ईदच्या वेळी त्यांच्या हाती एकरकमी पैसा यावा. लिहून काही ठेवले नव्हते. त्यातला एक पोरगा मध्येच हैदराबादला कामाला निघाला आणि हिसाब मागू लागला. त्याच्या हिसाबाने सव्वीस आठवडे होते, माझ्या हिसाबाने बावीस. चार आठवड्यांच्या फरकाने किती रुपये होतात? काहीच नाही. पण तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मला सहन झाली नाही. मी सव्वीस आठवड्यांचे दिले, आणि त्या दिवसापासून कापलेला प्रत्येक रुपया वहीत त्याच्या सहीने लिहितो. दुसऱ्याच्या मजुरीतून कापलेला पैसा गल्ल्यात पडला तरी तो आपला नसतो, अमानत असते. युनियनच्या वर्गणीचेही तेच. मालकाने कापली आणि युनियनला पोचवली नाही तर तो मालक अमानतीत खयानत करतो. नव्या संहितेत एवढे तरी स्पष्ट आहे की मालकाने कापलेली रक्कम कायद्याने जिथे भरायची तिथे भरली नाही, तर त्याचा दोष कामगाराच्या माथी येत नाही.

ज्यांच्याकडे वीस-पंचवीस कामगार आहेत आणि उद्या ते युनियनचे पावतीपुस्तक घेऊन आले, त्यांना माझा सल्ला असा की घाबरू नका आणि भांडूही नका. प्रत्येक कामगाराकडून त्याच्या भाषेतल्या कागदावर वेगळी सही घ्या, त्यात युनियनचे नाव आणि दरमहाची रक्कम लिहा. उर्दू वाचणाऱ्याकडून उर्दूत घ्या, अंगठा लावणाऱ्याला वाचून दाखवा. युनियनची नोंदणी आहे का ते पाहा. कापलेले पैसे त्याच आठवड्यात पोचवा, पावती घ्या आणि ती कामगारांना दाखवा. कामगाराने लिहून दिले की पुढच्या महिन्यापासून कापू नका, तर का म्हणून विचारू नका. एका युनियनची कपात करायची आणि दुसरीची नाही, असा खेळ मालकाने खेळू नये. दोन युनियन लढवून आपण मजेत राहू असे ज्यांना वाटले त्यांचे कारखाने मी बंद पडलेले पाहिले आहेत.

आणि कामगार असलेल्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे की वर्गणी दिली की हिसाब मागण्याचा हक्क येतो. नोंदणीकृत युनियनला दर वर्षी हिसाब तपासून रजिस्ट्रारकडे पाठवावा लागतो. राजकारणासाठी पैसा हवा असेल तर त्याचा फंड वेगळा ठेवावा लागतो आणि त्यात पैसे देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. हे १९२६ च्या जुन्या कायद्यापासून चालत आले आहे. पण किती जण आपल्या युनियनचा ताळेबंद पाहतात? पगाराच्या चिठ्ठीतला आकडा दिसतो तेवढाच.

भाच्याला मी सांगितले की आधी कराराची प्रत मिळव, त्यात कपातीचे कलम आहे का बघ, आणि युनियनच्या वर्गणीसाठी तू कधी कुठल्या कागदावर सही केली होतीस का ते आठव. नोकरीला लागताना आपण इतक्या कागदांवर सह्या करतो की कशावर केल्या हेच माहीत नसते. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. सही त्याने केलेली नव्हती, पण करारात कलम होते, बामर लॉरीसारखेच, टक्के मात्र कमी. "मामू, आता केस करू का?" मी म्हटले, वकिलाला विचारून कर, पण मुंबईचा निकाल तुझ्या विरुद्ध जाईल हे धरून चाल. मग तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की वर्षाअखेरीला त्या युनियनची सर्वसाधारण सभा आहे, तिथे उभा राहून फंडाचा हिसाब विचारायचा त्याच्या मनात आहे. सभेत बोलायला फक्त सभासदांनाच परवानगी आहे. आता तो त्यांची पावती फाडायची की नाही याचा विचार करतो आहे.